खिडकी बंद, शनिवार चालू

मंडळी, आधी एक कबुली. वय तेहेतीस, घराचं कर्ज अजून सतरा वर्षं बाकी, केस हळूहळू मागे सरकू लागलेले. आणि तरीही दर शनिवारी रात्री साडेदहाला मी हेडफोन लावून पीसीसमोर बसतो आणि धडाधड गोळ्या झाडतो. मागे एकदा सासूबाई राहायला आल्या होत्या. 'एवढ्या रात्री ऑफिसचा कॉल?' असं त्यांनी विचारलं. बायकोनं शांतपणे सांगून टाकलं, 'हो ना, परदेशातली माणसं असतात.' आता ते काही अगदीच खोटं नव्हतं. पलीकडे म्युनिकहून माझा धाकटा भाऊ बोलत असतो.

तर आजची गोष्ट त्या पीसीची आणि त्या शनिवारची.

२०१७ चा उन्हाळा. नोकरीतला पहिला दणदणीत बोनस हातात आलेला. धाकट्याला घेऊन थेट लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असलं, तरी कॉम्प्युटर घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. चार दुकानं फिरून, घासाघीस करून इंटेलचा आय५-७५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एएमडीचं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड घेतलं. कार्ड त्याच एप्रिलमध्ये बाजारात आलेलं. आमचं नशीब जोरावर, कारण पुढे क्रिप्टो-मायनिंगवाल्यांनी अशी कार्डं घाऊक उचलायला सुरुवात केली आणि भाव कुठच्या कुठे गेले. टॉवरचा खोका मी उचलला, मॉनिटरचा धाकट्यानं. ग्रँट रोडहून दादर, मग दादरचा तो पूल, आणि संध्याकाळची डोंबिवली फास्ट! एका काकांनी 'बाळाला नीट धरा' म्हणत खोक्यासाठी अर्धी सीट दिली, तेव्हा कुठे तो पीसी धड घरी पोचला.

आठ वर्षं त्यानं तक्रार केली नाही. फॅन बदलला, एसएसडी टाकली, बाकी एकदम टकाटक. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्क्रीनवर कळलं की हा पीसी विंडोज ११ च्या लायकीचा नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालेलं. माझा प्रोसेसर सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलचे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. म्हणजे वर्गात पहिला येणारा मुलगा, पण जन्मतारखेवरून ॲडमिशन नाकारलेली!

आता पर्याय काय? एक, नवा पीसी. चौकशी केली, मनासारखा घ्यायचा तर सत्तर हजार. बायकोनं काही न बोलता फक्त ईएमआयचा मेसेज पुढे केला. दोन, तसंच दामटवत राहायचं. पण त्याच मशीनवर नेटबँकिंग होतं, सिक्युरिटी अपडेट बंद झाल्यावर ते करायचं म्हणजे दाराला कडी न लावता झोपण्यातला प्रकार. तीन, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वर्षभराची जादा मुदत. ती सोय होती, पण तो आजार बरा करण्यापेक्षा अपॉइंटमेंट पुढे ढकलण्यातला प्रकार वाटला. आणि चार, आमच्या टीममधल्या चोवीस वर्षांच्या पोरानं कॅन्टीनमध्ये सहज सुचवलेला. 'सर, लिनक्स टाका ना. मी तर सगळे गेम त्यावरच खेळतो.'

मी हसलो. ऑफिसात आमचे सगळे सर्व्हर लिनक्सवर. भरवशाचं, गंभीर, चष्मा लावलेलं काम. पण लिनक्सवर गेमिंग? म्हणजे एकादशीला बिर्याणी! कॉलेजात असताना आम्ही ते करून पाहिलं होतं. चार रात्री जागून एक गेम चालू झाला, तोही आवाजाशिवाय.

पण पोरगं ठाम होतं. म्हणून जरा वाचलं, आणि मधल्या काळात किती पाणी वाहून गेलंय ते कळलं.

त्याचा फंडा असा. विंडोजसाठी बनवलेला गेम विंडोजच्या भाषेत बोलतो. 'ही फाइल उघड, हे चित्र काढ' असं काहीबाही मागत असतो. लिनक्सला ती भाषा येत नाही. आता आपल्याकडे मराठी मुलगा आणि तमिळ मुलगी असं लग्न असलं की दोन्ही भाषा येणारा एक मामा असतोच. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करतो आणि कार्य पार पाडतो. लिनक्सच्या मांडवात हा मामा १९९३ पासून आहे, त्याचं नाव वाइन. (बाटलीतली नव्हे!) मामा कष्टाळू, पण गेमच्या ग्राफिक्सपुढे तो अडखळायचा. कारण गेम चित्रं काढायला मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स वापरतात.

मग यात उतरली वॉल्व्ह. म्हणजे स्टीम चालवणारी कंपनी. तिचा कर्ताधर्ता गेब न्यूवेल स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये तेरा वर्षं काढलेला माणूस. २०१२ मध्ये विंडोज ८ स्वतःचं ॲप स्टोअर घेऊन येणार म्हटल्यावर त्यानं उघड नापसंती दाखवली. साहजिकच आहे. ज्याच्या जागेत तुमचं दुकान आहे, त्यानंच शेजारच्या गाळ्यात तुमचाच धंदा सुरू केला तर तुम्ही दुसरी जागा बघणारच ना? २०१३ च्या फेब्रुवारीत लिनक्ससाठी स्टीम आलं. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी स्टीम मशिन्स आली आणि साफ आपटली. कारण उघड होतं, गेमच नव्हते. मूठभर लोकांसाठी गेम पुन्हा बनवा म्हटलं तर कोणती कंपनी ऐकणार?

त्या आपटण्यातून वॉल्व्ह शहाणी झाली. गेमवाल्यांना काहीच सांगायचं नाही, सगळं भाषांतर आपणच करायचं. तेवढ्यात फिलिप रेबोले नावाच्या एका प्रोग्रॅमरला 'निअर: ऑटोमाटा' हा गेम लिनक्सवर खेळायचा होता. त्यासाठी त्यानं डायरेक्टएक्सचं व्हल्कन या खुल्या ग्राफिक्स भाषेत रूपांतर करणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. वॉल्व्हनं त्याला कामावर घेतलं, वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन नावानं स्टीममध्येच घालून दिलं. २०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी आला, तोही लिनक्सवर. त्याच्या निमित्तानं प्रोटॉनची रोज परीक्षा होऊ लागली आणि पोरगं तयार झालं. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या हार्डवेअर सर्व्हेत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. विंडोज ९४ च्या वर होतं, तेव्हा क्रांती वगैरे म्हणायची घाई नको. पण आमच्या कॉलेजच्या काळात हा आकडा मोजायलाही भिंग लागलं असतं.

वाचून झालं आणि दिवाळीच्या सुट्टीत, फराळाचं ताट शेजारी ठेवून, मी पेन ड्राइव्ह लावला.

लिनक्सचे प्रकार भरपूर, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. मी लिनक्स मिंट निवडलं. कारण अगदी साधं, त्याचा स्टार्ट मेन्यू डाव्या कोपऱ्यात खाली असतो आणि बायकोलाही त्याच मशीनवर बसायचं असतं. अर्ध्या तासात इन्स्टॉल! ग्राफिक्सचा ड्रायव्हर शोधायला गेलो तर शोधावाच लागला नाही. एएमडीचा खुला ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतो. (एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, पण मिंटमध्ये त्यासाठी एक खिडकी आहे, तिथून होतो.) स्टीम टाकलं, लॉगिन केलं, गेमची जुनी यादी समोर हजर.

आणि एकही गेम चालेना. 'प्ले' दाबलं की बटण हिरव्याचं निळं व्हायचं, पुन्हा हिरवं. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री माझं डोकं चाललं. चूक माझीच. पुन्हा डाउनलोड नको म्हणून मी जुन्याच ड्राइव्हवरचे गेम लिनक्सला दाखवले होते, आणि तो ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेला. लिनक्स तो वाचतं, पण प्रोटॉनला त्याच्यावर संसार थाटायला जमत नाही. ड्राइव्ह रिकामा करून लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केला आणि रात्रभर गेम उतरवत ठेवले.

सकाळी पहिला लावला 'विचर ३'. पहिल्यांदा चालू होताना 'शेडर्स' तयार करत थोडा वेळ खातो, तेवढ्यात चहा झाला. मग चालला, अगदी पूर्वीसारखा! सेव्हही क्लाउडवरून जिथल्या तिथे. मग 'राजी' लावला. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला, २०२० चा. बहुतेकांनी ऐकलाही नसेल, जरूर खेळा. तोही सही चालला. 'स्टारड्यू व्हॅली'ला तर मामाचीही गरज नाही, त्याची स्वतःची लिनक्स आवृत्ती आहे. एक जड गेम पूर्वीपेक्षा थोडा अडखळत चालला, आणि कीबोर्डच्या रंगीत दिव्यांचं सॉफ्टवेअर काही आलं नाही. दिवे आता कायमचे निळे. चालतंय की.

मी खूश. बायकोनं विचारलं, 'म्हणजे सत्तर हजार वाचले?' म्हटलं, वाचले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं, शनिवार!

इथे थोडं मागे जावं लागेल. मे २०२१ मध्ये बाबा गेले. धाकटा तेव्हा म्युनिकला, शिकायला गेलेला. त्या दिवसांत त्याला येणं जमलंच नाही. मोबाइलच्या स्क्रीनवरून त्यानं सगळं पाहिलं. नंतर आम्ही रोज फोन करायचो आणि रोज तीन मिनिटांत संपायचा. 'जेवलास?' 'हो. आई कशी आहे?' 'बरी आहे.' मग दोघंही गप्प. भावाभावांना फोनवर बोलता येत नाही, हा आपल्याकडचा जुनाच रोग. मग एका शनिवारी त्यानं मेसेज केला, 'दादा, एक नवा शूटर आहे, खेळतोस का?' खेळलो. आणि गंमत म्हणजे गोळ्या झाडता झाडता तो बोलायला लागला. डावीकडे बघ, मागे एक आहे, दादा, मला इथे खूप एकटं वाटतं रे, रिलोड कर. असं. तेव्हापासून शनिवार चुकला नाही. आमचे रात्रीचे साडेदहा, त्याचे हिवाळ्यात संध्याकाळचे सहा.

तो शूटर लिनक्सवर चालत नाही. नाव घेत नाही, कळायचं त्याला कळेल.

म्हणजे दोष मामाचा नाही. ऑनलाइन गेममध्ये लबाडी करणारे पकडायला अँटी-चीट नावाचा वॉचमन असतो. काही गेमचा वॉचमन गेटवर बसतो. काहींचा म्हणतो, मला प्रत्येक फ्लॅटच्या तिजोरीपर्यंत जाऊ द्या, तरच सोसायटी सुरक्षित. म्हणजे तो विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये जाऊन बसतो. लिनक्सचा गाभा वेगळा, तिथे याला जागाच नाही. 'व्हॅलोरंट'चं हेच आहे. 'फोर्टनाइट'च्या मालकांनी लिनक्सला परवानगी द्यायची नाही असंच ठरवलं. 'एपेक्स लेजेंड्स' चालायचा, पण ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्यांनी लबाडीचं कारण देऊन दार बंद केलं. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय हे वॉचमन २०२१ पासून प्रोटॉनसोबत चालू शकतात, पण चालवायचे की नाही हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. तुमच्या-माझ्या हातात काही नाही.

मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच. विंडोज १० चा एक कोपरा ठेवून दिला, खास शनिवारसाठी. आठवडाभर लिनक्स, शनिवारी रात्री सव्वादहाला रीस्टार्ट. पण आठवड्यातून एकदा उघडलेलं घर कसं असतं? आधी जाळी काढा. हे अपडेट, ते अपडेट, गेमचं अपडेट. साडेदहाचे अकरा, अकराचे साडेअकरा. नोव्हेंबरात दोन शनिवार असे गेले की चालू होईपर्यंत धाकट्याची जेवायची वेळ झाली. तिसऱ्या शनिवारी मी दमून झोपलोच. सकाळी बघतो तर रात्री पावणेबाराचा मेसेज, 'ओके दादा, नेक्स्ट वीक.'

खरं सांगतो, त्या 'ओके'नं जाम टेन्शन आलं. सत्तर हजार वाचवायच्या नादात आपण नक्की काय घालवतोय? सोमवारी मी नव्या पीसीचं कोटेशन पुन्हा मागवलं.

शनिवारी त्याला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तो म्हणाला, 'एवढंच ना? मग तो गेम सोड ना दादा. मला कुठे त्याचं पडलंय? सीएस खेळू.'

काउंटर-स्ट्राइक! डोंबिवलीत स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन, पायरेटेड सीडीवर वाढलेल्या आमच्या पिढीचा राष्ट्रीय खेळ. नवा 'काउंटर-स्ट्राइक २' सप्टेंबर २०२३ मध्ये आला. तो वॉल्व्हचाच, त्यामुळे त्याची लिनक्स आवृत्ती पहिल्यापासून आहे आणि त्याचा वॉचमन गेटवरच बसतो. फुकटही आहे. म्हणजे उत्तर माझ्याच स्टीममध्ये पडलेलं होतं आणि मी मात्र सिस्टिमचं काय करायचं याचाच विचार करत बसलो होतो. समोरच्याला विचारलंच नव्हतं.

म्हणून दोस्तहो, तुमच्यापैकी कुणाचा पीसी माझ्यासारखाच 'लायकीचा नाही' ठरला असेल, तर जाता जाता चार गोष्टी. आधी डिस्ट्रो निवडू नका, आधी कागद घ्या आणि वर्षभरात खरोखर खेळलेले गेम लिहा. विकत घेऊन पडलेले नव्हे, खेळलेले. त्यातला प्रत्येक 'प्रोटॉनडीबी'वर तपासा, तिथे खेळणारेच प्लॅटिनम, गोल्ड अशी लेबलं देतात. एकट्यानं खेळायचे गेम असतील तर बहुतेकांची चिंता नको. ऑनलाइन असतील तर वॉचमन कोणता ते बघा, आणि ज्यांच्याबरोबर खेळता त्यांना फोन करा. दुसरं, पेन ड्राइव्हवरून लिनक्स इन्स्टॉल न करताही चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर आधी तिथेच तपासा. तिसरं, फोटो आणि कागदपत्रांची कॉपी वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवा, मगच हात लावा. चौथं, गेमचा ड्राइव्ह लिनक्सच्या पद्धतीनंच फॉरमॅट करा. माझ्या तीन रात्री तुम्हाला भेट. आणि यादीतला तुमचा जीव की प्राण गेम चालत नसेल, त्याच्याभोवतीची मंडळीही हलायला तयार नसतील, तर खुशाल विंडोजवर राहा. लिनक्स हे काही व्रत नाही, मोडलं म्हणून पाप लागत नाही.

आता त्या शनिवारचं सांगून थांबतो. डिसेंबरचा पहिला आठवडा. साडेदहाला पीसी चालू, दहा-पस्तीसला आम्ही आत. मॅप लावला डस्ट टू. २००१ मध्ये बनलेला हा मॅप, कॅफेत आम्ही दुसरा कुठला लावायचोच नाही. रंग नवे, भिंती नव्या, पण गल्ल्या त्याच. पाय आपोआप वळत होते.

तेव्हा बाबा ऑफिसहून येताना कॅफेत डोकवायचे. हातात भाजीची पिशवी. ओरडायचे नाहीत. राउंड संपेपर्यंत मागे उभे राहायचे, मग फक्त विचारायचे, 'जिंकलात का?' आम्ही जवळजवळ नेहमीच हरलेलो असायचो.

तिसऱ्या राउंडला, त्या लांब बोळात दबा धरून बसलेलो असताना, हेडफोनमध्ये धाकट्याचा आवाज आला. 'दादा, मागे बघू नकोस. असं वाटतंय पिशवी घेऊन उभे आहेत.'

मी काही बोललो नाही. तोही नाही. तेवढ्यात दोघंही मेलो.

पुढे रात्री दीडपर्यंत आम्ही बाबांबद्दल बोललो. साडेचार वर्षांत पहिल्यांदा. मधेमधे खेळतही होतो. पहिली मॅच १३-४ हरलो. विंडोजचा तो कोपरा दुसऱ्या दिवशी पुसला आणि तिथली जागा गेमना दिली. आईला सकाळी फोनवर सांगितलं, रात्री आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळलो. तिनं विचारलं, 'जिंकलात का?'